तीन राजे आणि धाकू तांडेल

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. साधा आहे — पण सोपा नाही!

माणसानं घाबरावं कधी? हात रिकामा असताना — की हात भरलेला असताना?

हं! लगेच कुजबुज सुरू! खांबाजवळचे काका म्हणाले, ‘रिकामा असताना’. बरोबर आहे काका, जगाचं उत्तर तेच. कणगीत दाणा नाही — भीती! घरात दुखणं, औषधाला पैसा नाही — भीती! भरल्या हातानं कशाला घाबरायचं? पण मी म्हणतो, उत्तराची घाई नको. आधी आख्यान ऐका. आणि उत्तर मला द्यायचंच नाहीये! तो गाभाऱ्यात कमरेवर हात ठेवून उभा आहे ना, त्याला द्यायचंय!

रामकृष्ण हरी!

तर मंडळी, कोकणात तुरंबं नावाचं एक छोटं बंदर. तिथं धाकू तांडेल राहायचा. तांडेल म्हणजे कोण? बोटीचा म्होरक्या! वारा त्यानं ओळखायचा, जाळं कुठं टाकायचं ते त्यानं सांगायचं, आणि खलाशांना जिवंत घरी आणायचं तेही त्यानंच. धाकूची बोट होती — ‘जाखमाता’. होती म्हणजे, अर्धी त्याची. अर्धी त्याच्या थोरल्या भावाची, महादूची. आणि महादू? महादू एका वादळात समुद्रात गेला तो गेलाच. देहसुद्धा मिळाला नाही.

महादूची बायको पारूवहिनी. नवरा गेल्यावर माहेरचे आले, म्हणाले, ‘पारू, तुझा वाटा विकून टाक, चल आमच्याबरोबर.’ ती नाही गेली. दिराला एवढंच म्हणाली, “भावोजी, बोट पाण्यात राहू दे. ती पाण्यात आहे तोवर हेपण पाण्यावरच आहेत, असं वाटतं मला.”

काय बोलली बघा! दुसऱ्यांसाठी ते लाकूड होतं, इंजिन होतं. तिच्यासाठी नवरा होता हो!

आता दिवस श्रावणाचे. समुद्र खवळलेला, बोटी वाळूवर ओढलेल्या, वर माडाच्या झापांचं छप्पर. मासेमारी बंद. आणि मंडळी, रिकामा कोळी नि रिकामा कीर्तनकार — दोघांचाही भरवसा नाही! (पेटीवाले हसतायत बघा. यांना अनुभव आहे!)

धाकू एका दुपारी गेला विश्रामशेठच्या बर्फाच्या कारखान्यात. विश्रामशेठ म्हणजे बंदरावरचा बडा माणूस. बर्फ त्याचा, डिझेल त्याचं, शिवाय ‘गजलक्ष्मी’ नावाची स्वतःची मोठी बोट. धाकू गेला होता पुढच्या हंगामाच्या बर्फाचा भाव ठरवायला. सोबत त्याचा खलाशी गोविंद. बोलणं पाच मिनिटांचं. पण मागच्या खोलीत पत्ते चालले होते. शेठ म्हणाले, “बस रे धाकू! एक डाव.”

एक डाव! मंडळी, जगातलं सगळ्यात मोठं खोटं कुठलं? ‘एक डाव!’ दुसरं — ‘महाराज, पाच मिनिटांत आलोच!’

ती खोली कशी होती, सांगतो. एरवी तिथं बर्फाच्या लाद्या रचायचे. भिंती जाड, खिडकी एकच, तीही वीतभर. यंत्र बंद होतं, पण गारवा भिंतीत मुरलेला. मधे मासळीचा पालथा क्रेट, वर गोणपाट, आणि त्यावर तीन पत्ती. बाहेर भर दुपार — आत मात्र सांज झाल्यासारखं.

आणि धाकूला लागलं की हो नशीब! पहिला डाव त्याचा. दुसरा त्याचा. मधे एक गेला, पुन्हा दोन आले. समोर नोटांचा ढीग! शेठसमोर तर त्याहून मोठा. आता हे नीट ऐका. समोर चार नोटा असल्या तर माणूस चार नोटांनी बुडतो. गुडघाभर पाण्यात कोण मरतं? पण दोघांसमोर ढीग असले की डाव खोल होतो. खाली किती पाणी आहे, ते दिसेनासं होतं. आणि शेठच्या खोलीत लावण्याला मर्यादा नव्हती!

मग वाटली गेली ती तीन पानं.

धाकूनं पहिलं पान उचललं — राजा. दुसरं उचललं — राजा! तिसरं त्यानं अंगठ्यानं हळूच वर सरकवलं. आधी कोपरा दिसला. मग मुकुट दिसला. मग दाढी!

तीन राजे!

तुम्ही म्हणाल, बुवा, तुम्हांला हे सगळं ठाऊक कसं? अहो, वैद्याला विष ओळखता आलं पाहिजे, प्यायला नको! तर ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीन पत्तीत तीन सारखी पानं म्हणजे राज्याभिषेक! तीन राजांना मारणारी एकच गोष्ट — तीन एक्के. बाकी कुणाच्या बापाची टाप नाही. आणि तीन एक्के? माणसं आयुष्यभर पत्ते कुटतात, त्यांना दिसत नाहीत!

सांगा, अशा वेळी घाबरायचं काही कारण आहे?

धाकूलाही वाटलं नाही. त्याच्या अंगावर नुसता शहारा आला. त्यानं चेहरा दगडाचा केला आणि थोडं लावलं. बाकीच्यांनी पानं टाकली, उठून भिंतीला टेकले. राहिले दोघं. धाकू आणि विश्रामशेठ.

शेठनी दुप्पट लावलं. धाकूनं त्याहून जास्त. शेठनी पुन्हा!

इथं एक गोष्ट. धाकूला ‘शो’ मागता आला असता. समोरच्याइतकं लावायचं नि म्हणायचं, ‘दाखव पानं.’ मिटलं! मग का नाही मागितला? अहो, हातात तीन राजे असताना शो कोण मागतो? त्याला वाटलं, येऊ दे. अजून येऊ दे! मासा गळाला लागलाय, सोडा दोरी! लावत गेला, लावत गेला... आणि एकदा हात खाली नेला, तर बोटांना नुसतं गोणपाट लागलं. ढीग संपला होता. सगळं मधे गेलं होतं.

आता एक हात रिकामा, दुसऱ्यात तीन राजे.

शेठनी विडीचं थोटूक विझवलं. म्हणाले, “धाकू, नोटांचा पोरखेळ पुरे. माझी गजलक्ष्मी लावली. तू जाखमाता लाव आणि पानं बघ. नाहीतर टाक पानं आणि घरी जा.”

बंदरावर शब्द म्हणजे कागद. चार माणसांसमोर बोट लावली म्हणजे लावली!

आणि मंडळी, त्या क्षणी धाकू तांडेलाला भीती वाटली.

कशी? त्यानं वादळं पाहिलेली. सुकाणू मोडलेल्या बोटीतून तो माणसं घेऊन आलेला. तेव्हा भीती वाटली, तरी हात चालले होते. ही भीती तशी नव्हती. ही पोटातून वर चढली, गार पाण्यासारखी. त्या गारठ्यात त्याच्या मानेवरून घामाचा ओघळ उतरला. हातातल्या पानांकडे बघितलं, तर घामानं अंगठ्याचा ठसा उमटलेला!

मन बोलायला लागलं. ‘अरे, तीन राजे आहेत! तीन एक्के असतील त्याच्याकडे? तू कधी पाहिलेस?’

‘मग तो घाबरत का नाही?’

‘त्याला काय, पैसेवाला आहे!’

‘पैसेवाला नोटांना घाबरत नाही. बोटीला घाबरतो. त्यानं गजलक्ष्मी लावली. बऱ्यापैकी पानं असती तर केव्हाच शो मागून मोकळा झाला असता. जो थांबतच नाही, त्याच्याकडे एकतर सगळं असतं... नाहीतर काहीच नसतं.’

एकतर सगळं, नाहीतर काहीच नाही! धाकूनं शेठकडं पाहिलं. आकाश वाचणारा माणूस तो. ढगाच्या कडेवरून वारा सांगायचा. पण शेठचा चेहरा म्हणजे अमावस्येचा समुद्र! डोळा लवत नव्हता. फक्त गळ्याची घाटी एकदा खाली गेली, वर आली. ती भीतीची होती, की तहानेची? कुणी सांगावं!

मागून गोविंद खलाशी कानाशी वाकला. “तांडेल, पानं भारी आहेत ना?”

धाकूनं पानं छातीशी धरली.

“भारी असतील तर लावा! दोन बोटी होतील आपल्या. लावा, तांडेल!”

काय हो, मंडळी? लावायची? — कोण म्हणालं ‘लावा’? उभे राहा जरा! लाजू नका! अहो, मीसुद्धा त्या क्रेटशी असतो तर माझ्याही तोंडात तेच आलं असतं. शंभरांतल्या नव्व्याण्णवांच्या तोंडी तेच येईल. पानंच तशी होती!

आणि आलं की! धाकूनं तोंड उघडलं. ‘लावली’ हा शब्द जिभेवर आला. ओठ हलले. नुसता आवाज फुटायचा राहिला होता.

तेवढ्यात त्याच्या मनात एक क्षुल्लक गोष्ट आली. समजा गेली जाखमाता. संध्याकाळी घरी जायचं. पारूवहिनी ओट्यावर बसलेली असणार. तिला सांगायचं... काय सांगायचं? कुठल्या शब्दांत? ‘वहिनी, बोट गेली,’ असं सांगायचं? का ‘वहिनी, दादा गेला’ असं? त्यानं मनातल्या मनात वाक्य जुळवून पाहिलं. एक जुळेना. दुसरं जुळेना. जिंकल्यावर सांगायची शंभर वाक्यं तयार होती. हरल्यावर सांगायचं एक वाक्य त्याला सापडलं नाही हो!

हात इतका कापायला लागला की पानं एकमेकांवर वाजायला लागली. फड फड फड! खोलीभर तो एकच आवाज.

शेठ म्हणाले, “बोल रे! लावतोस?”

धाकूनं तिन्ही पानं पालथी घातली. क्रेटवर ठेवली. आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, “पॅक.”

पॅक! म्हणजे सोडलं. मधला सगळा ढीग शेठचा.

आता मला सांगा, शेठच्या हातात काय असावं? तीन एक्के? म्हणजे आमच्या धाकूची भीती खरी ठरली, देवानं राखलं, बोला जयजयकार — आणि आपण सगळे प्रसाद घेऊन घरी? असं वाटतंय ना?

नाही, मंडळी! देव एवढी सोपी आख्यानं रचत नाही.

शेठनी आपली पानं एकेक करून उलटली. सत्ती. चौकी. दुर्री!

काही नाही! ओळीची रन नाही, जोडी नाही, एका रंगाचीसुद्धा नाहीत. नुसता कचरा! त्या कचऱ्यावर त्यानं गजलक्ष्मी लावली होती. नुसत्या थोबाडावर!

खोलीत हशा फुटला. शेठ तर मांडीवर थापा मारून हसले. “अरे धाकू! दुर्रीला घाबरलास? तांडेल म्हणवतोस ना? बांगड्या भर, बांगड्या!”

धाकू उठला. दाराकडं चालायला लागला. पाय आपले नाहीतच असं चालत होता. आणि मागं शेठला खोडी सुचली. टाकलेली पानं बघायची नाहीत, ही जुगाऱ्यांचीही रीत असते. चोरालासुद्धा नियम असतो, मंडळी! पण विजयात माणूस रीत विसरतो. “बघू तरी कशाला घाबरला!” म्हणून शेठनी हात लांब केला आणि पहिलं पान उलटलं.

बदामचा राजा.

शेठ हसतच होते. दुसरं उलटलं. किलवरचा राजा.

हसू जरा बारीक झालं. तिसरं पान... तिसऱ्या पानावर बोट ठेवून शेठ थांबले. उलटावं की नको? उलटलं.

इस्पिकचा राजा.

मंडळी, हसणं बंद! कुणीतरी गळा धरल्यासारखं बंद! शेठ त्या तीन राजांकडं बघत राहिले. ओठ पांढरे पडले. समोर जिंकलेला ढीग, आणि त्याला हात लावायची हिंमत होईना. कारण त्याला कळलं! आत्ता, या क्षणी, एका शब्दानं त्याची गजलक्ष्मी जायची राहिली होती — आणि त्याला ठाऊकही नव्हतं! जी भीती त्याला डावात वाटायला हवी होती, ती डाव जिंकल्यावर आली. आणि उशिरा आलेली भीती, मंडळी, सगळं व्याज घेऊन येते!

रामकृष्ण हरी!

इकडं बाहेर काय झालं? गोविंद धाकूच्या मागून निघाला होता, पण शेवटचा राजा त्यानं दारातून पाहिला. वाळूवर येऊन त्यानं धाकूला गाठलं. डोळ्यांत पाणी. रागाचं!

“तीन राजे होते, तांडेल? तीन राजे? आणि टाकलेत?”

“टाकले.”

“जिंकलो होतो आपण!”

“हो.”

“मग उद्या खोल समुद्रात माझा जीव तुमच्या हाती देऊ कसा? भित्र्या तांडेलाच्या बोटीत मी नाही चढणार.”

आणि गेला. खरंच गेला! दुसऱ्या बोटीवर लागला. बंदरभर झालं. पोरं हाका मारायला लागली, ‘आला बघा, तीन राजेवाला!’

म्हणजे बाहेर अब्रू गेली. पण घरी? घरी तरी कुणी पाठीवरून हात फिरवील! धाकू ओट्यावर आला. पारूवहिनी सुके बोंबील निवडत बसली होती. त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. नोटा सांगितल्या, राजे सांगितले, दुर्री सांगितली. वाटलं, ती म्हणेल, ‘राखलीत हो बोट, भावोजी!’

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. विचारलं, “लावतो, हा शब्द तोंडात आला होता?”

धाकूनं मान खाली घातली. “जिभेवर आला होता, वहिनी.”

“जिभेवर.” ती उभी राहिली. “मग पॅक केलंत म्हणून तुमच्या पाया पडू का मी? जिथं माझा नवरा पत्त्यांसमोर ठेवता येतो, तिथं तुम्ही बसलातच कशाला?”

आणि आत गेली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. जेवण वाढायची — पण शब्द नाही!

बघा, मंडळी! हरला असता तर जग म्हणालं असतं, मूर्ख. जिंकला असता तर म्हणालं असतं, वाघ. यानं दोन्ही केलं नाही, तर बाहेर भित्रा ठरला, घरात अपराधी! कुणी सांगितलं तुम्हांला, की बरोबर वागलं की टाळ्या पडतात? टाळ्या कीर्तनात पडतात, त्याही मी सांगितल्यावर!

धाकूची भीतीही गेली नाही. भर दुपारी जाळं विणता विणता त्याचे हात थांबायचे. कानात ती पानं वाजायची. फड फड फड! मग तो उठायचा, वाळूवर जायचा, जाखमातेच्या लाकडावर तळहात टेकायचा. आहे ना? आहे. तेव्हा कुठं श्वास मोकळा व्हायचा.

असे काही दिवस गेले. आणि एका सकाळी तिथंच, बोटीजवळ, विश्रामशेठ आले. गालफडं बसलेली. म्हणाले, “धाकू, जेवण जात नाही रे मला. डोळे मिटले की तुझे तीन राजे दिसतात. खरं सांग. तुला कळलं होतं ना, माझ्याकडं काही नाही? दया करून सोडलंस ना मला?”

किती सोयीचं उत्तर होतं, मंडळी! नुसतं ‘हो’ म्हणायचं! गेलेली अब्रू परत, वर संताची पदवी! बंदरावर फोटो लागला असता धाकूचा.

धाकू म्हणाला, “नाही, शेठ. मी कुणाला सोडलं नाही. मी घाबरलो.”

“तीन राजे असताना?”

“तीन राजे होते म्हणूनच! दुर्री-तिर्री आली असती, तर पहिल्याच फेरीत टाकून चहा पिऊन घरी आलो असतो. वाईट पानांनी मला कधी बुडवलं नसतं, शेठ. त्या चांगल्या पानांनी मला ओढत ओढत तिथवर नेलं, की वहिनीचा नवरा लावायला मी तोंड उघडलं. मी तुम्हांला नाही घाबरलो. तुमच्या एक्क्यांनापण नाही. माझ्याच हातातल्या राजांना घाबरलो.”

शेठ खाली वाळूत बसले.

मग शेठ सुधारले का? नाही हो! पुढच्या श्रावणात पुन्हा क्रेट मांडला, पुन्हा बसले. माणूस आहे! पण ऐकणारे सांगतात, बोटीचं नाव त्या खोलीत पुन्हा कधी निघालं नाही.

आणि हे सगळं बोलणं पारूवहिनीनं ऐकलं होतं. बोटीच्या पलीकडं ती झापं बांधत होती, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. तेव्हाही ती काही बोलली नाही. नारळी पुनव आली. समुद्र निवला. जाखमातेला शेंदूर लागला, पताका लागल्या. सगळं बंदर किनाऱ्यावर. धाकू एका बाजूला उभा, नारळाला हात लावायची लाज वाटत होती त्याला. तेव्हा पारूवहिनी गर्दीतून पुढं आली. नारळ त्याच्यासमोर धरला. आणि पहिल्यांदा बोलली.

“धरा, भावोजी. आणि घाबरत जा असेच.”

धाकूनं नारळ घेतला. कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि समुद्राला दिला. बोट पाण्यात उतरली.

आता मंडळी, समुद्र राहिला कोकणात. आपण इथं आहोत. पत्त्यांना हात न लावणारे पुष्कळ बसलेत इथं. माळकरी आहेत, सज्जन आहेत. ते म्हणतील, बुवा, ही गोष्ट जुगाऱ्यांची, आम्हांला काय!

काय? अहो, भावाविरुद्ध कोर्टात गेलात, वकील म्हणाला, ‘कागद भक्कम आहेत!’ — हे तीन राजे नाहीत? भक्कम कागदावर लावलंत काय? आईचं म्हातारपण! पोरगं हुशार निघालं — भारी पान! आणि त्या हुशारीवर लावलंत काय? पोराची झोप, पोराचं हसणं! निवडणुकीत वारा तुमच्या बाजूचा — लावलंत काय? शेजाऱ्याशी तीन पिढ्यांचा घरोबा! पान तुमचं होतं, कबूल. भारी होतं, तेही कबूल. पण लावलंत ते तुमचं होतं का? एकट्याचं?

हात रिकामा असला, की माणूस आपोआप देवाकडं बघतो. हात भरला, की हाताकडंच बघत राहतो. म्हणून ज्या दिवशी तुमच्या हातात तीन राजे येतील — आणि येवोत, माझी ना नाही! — त्या दिवशी गडबडीनं तोंड उघडू नका. क्षणभर थांबा. पोटात गार काही हललं, तर त्याला भित्रेपणा म्हणून हाकलू नका. त्याला विचारा, ‘बाबा, कुणासाठी आलास?’

आणि हललंच नाही काही? भरल्या हातानं बसलात, सगळ्यांचं सगळं डावावर आहे, आणि भीती वाटतच नाही?

मग मात्र, मंडळी, घाबरा!

मिटा डोळे. आठवा, घरी ओट्यावर तुमची वाट बघत कोण बसलंय. आणि त्या माणसासाठी, मोठ्यानं, एकदाच — म्हणा, पांडुरंग हरी!